छबूबाईचं नाक

केडगाव सोडून पुणे रोडला लागलं की डाव्या हाताला 'रांजण' नावाचं हॉटेल आहे. हॉटेल आपलं म्हणायचं. खरं तर तिथं बिअर बनते, तिथंच ग्लासात ओतली जाते आणि ती बनवणारं घर वरच्या मजल्यावर राहतं. या घरातलं सगळ्यात मोठं माणूस कोण, असं विचारलं तर त्यांच्या मूळ गावचे, काष्टीचे लोक अजून हसतात. कारण ते माणूस म्हणजे छबूबाई. वय बासष्ट. नऊवारी लुगडं, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, सोमवार आणि एकादशी असे दोन उपास. बिअरचा थेंब तिनं आजवर जिभेला लावलेला नाही. पण तिनं नाकाशी धरून "व्हय" म्हटल्याशिवाय रांजणातून एक ग्लाससुद्धा गिऱ्हाइकापुढं जात नव्हता.

काष्टीला हे कळलं तेव्हा लोकांनी काय काय बोलून घेतलं! उचलली जीभ लावली टाळ्याला. "कारभाऱ्याच्या पोरानं भट्टी टाकली आन् आईला वास घ्याया बशिवली." बसवली तर बसवली, तुमच्या का पोटात दुखतं? त्या बाईचं नाक पहिल्यापासून तसंच. दुधाच्या कॅनचं झाकण निघालं की लांबून सांगायची, यात कालची धार मिसळलीय. कणगीतल्या ज्वारीला पोरकिडा लागायच्या आधी आठ दिवस तिला कळायचं. सासू म्हणायची, "हिचं नाक न्हाई, कुत्र्याचं थोबाड हाय." चाळीस वर्षं त्या नाकाला घरात टोमण्यापलीकडं काही मिळालं नव्हतं. पोरानं पहिल्यांदा त्याला काम दिलं.

पोराचं नाव करण. नगरला बीएस्सी झाला, पुण्याला बिअर बनवणाऱ्या एका ठिकाणी टाक्या धुवायला लागला आणि सहा वर्षांत टाक्या धुता धुता सगळं शिकून आला. येताना राहात्याची निकिता बायको म्हणून घेऊन आला. तीही शिकलेली, जंतूंचं शास्त्र शिकलेली. मग केडगावला जागा घेतली, लायसन काढलं आणि सगळं घर कामाला जुंपलं. कारभारी, म्हणजे छबूबाईचे मालक, बॉयलरवर. निकिता गल्ल्यावर आणि स्वयंपाकघरात. छबूबाई गच्चीवर, कारण या बिअरमध्ये जवसाबरोबर आपली मालदांडी ज्वारीही जायची, आणि तिला मोड आणायचं काम तिच्याशिवाय कुणाला जमेना. भिजवायची, फडक्यात बांधायची, मोड नखाएवढा झाला की उन्हात पसरायची. बाळंतिणीच्या घरी सत्त्व करतात ना, तस्संच. फक्त हे मणाच्या हिशेबानं.

जवस नव्हे, जव. कारभारी कायम जवस म्हणायचे आणि करण कायम दुरुस्त करायचा. आता दुरुस्त करायला कुणी नाही, म्हणून घरात जवसच चाललंय.

बिअरला विरजण लागतं. त्याला इंग्रजीत यीस्ट म्हणतात, कंपनीचं पाकीट मिळतं, सगळे तेच आणतात. करणला ते नको होतं. छबूबाई उन्हाळ्यात ज्या मडक्यात आंबील आंबवायची, त्यातलं थोडं तो पुण्याला पार्थ नावाच्या मित्राच्या लॅबमध्ये घेऊन गेला. त्यातलं नको ते काढून टाकायचं आणि कामाचा तेवढा जीव वाढवायचा, असा त्याचा बेत. दीड वर्ष गेलं. सतरा बाटल्या नासल्या, अठरावी लागली. ती घेऊन आला आणि आईपुढं नाचवायला लागला.

"आई, ह्ये तुज्या मडक्यातलं बाळ हाय."

"बाळ कशाचं? इरजन हाय मेल्या."

तेव्हापासून घरात सगळे त्याला विरजणच म्हणायचे. दह्यासारखंच ते. प्रत्येक खेपेला टाकीच्या बुडाशी जो दाट साका बसतो, तो काचेच्या बरणीत काढून ठेवायचा आणि पुढच्या खेपेला तोच घालायचा. चार वर्षं ते असंच बरणीतून टाकीत आणि टाकीतून बरणीत फिरत होतं. त्यानं बिअरला पिकल्या केळ्याचा वास यायचा. पुण्यामुंबईचे लोक गाडी थांबवून प्यायचे आणि विचारायचे, हे कुठलं यीस्ट? करण नुसता वर बोट करायचा. लोकांना वाटायचं, देवाकडं दाखवतोय. वर गच्चीवर छबूबाई ज्वारी हलवत असायची.

खेप तयार होत आली की तो झाकणाला तारेचा चाप असलेल्या छोट्या बाटलीत नमुना भरून वर आणायचा. छबूबाई पदराला हात पुसायची, चाप उघडायची, डोळे मिटायची. मग निकाल. "कच्ची हाय, दोन दीस ठिव." नाहीतर, "केळ आलं, काढ." एकदा म्हणाली, "नळी धुतली न्हाईस नीट," आणि खरंच धुतली नव्हती. करणनं तिच्यापुढं हात जोडले होते.

आता शेवटच्या बाटलीचं.

फेब्रुवारीतला गुरुवार होता. छबूबाई गच्चीवर ओल्या ज्वारीत कोपरापर्यंत बुडालेली. करण बाटली घेऊन आला.

"आई, वास घी पटकन. शनवारी साखरपुड्याची पार्टी हाय, आजच पिंपात भरावं लागंल."

"ठिव तितं. हात बरबाटलेत माजे."

तो दोन मिनिटं थांबला. मग म्हणाला, "मी भरतो मग. तू मागनं सांग कशी झाली."

चार वर्षांत पहिल्यांदा त्यानं तिच्या "व्हय"वाचून बिअर भरली. तिनं बाटली खाली आणून पाण्याच्या रांजणाशेजारी गारव्याला ठेवली आणि मग विसरली. शनिवारी पार्टी झाली, सगळी पिंपं रिकामी झाली. रविवारी करणनं टाकी आणि पिंपं धुऊन लख्ख केली, विरजण बरणीत काढून खाली कोल्डरूममध्ये ठेवलं. सोमवारी सकाळी पुण्याला हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी वाळकी फुलं, आणायला पिकअप घेऊन गेला. येताना सुप्याच्या अलीकडं ट्रक आडवा आला. पावणेचारला फोन आला आणि सातला करण आला, पांढऱ्या कापडात.

छबूबाई रडली नाही. त्याला बघितलं, त्याच्या कपाळावरचा केस बाजूला केला, आणि उठून रांजणापाशी गेली. तिथं बाटली होती. तिनं ती उचलली, आतल्या खोलीत नेली आणि आपल्या पत्र्याच्या पेटीत लुगड्यांच्या खाली ठेवून कुलूप लावलं. का लावलं, तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मग येऊन जिथं बसवली तिथं बसली.

बायकांनी खूप प्रयत्न केले. "रडू द्या तिला, न्हाईतर छातीत बसंल." नणंद रंगुबाई काष्टीहून आलेली, कारभाऱ्यांची थोरली बहीण, हाडाची कडक, रीतभात म्हणजे तिचा श्वास. तिनं छबूबाईच्या पाठीत दोन धपके घातले, गळ्यात पडून हंबरडा फोडला. पण छबूबाई कोरडीच. तिला काही वाटतच नव्हतं. दुःखसुद्धा नाही. आत सगळं सुन्न पडलेलं, आपल्याच हातापायांकडं ती लांबून बघत होती. चहा दिला की प्यायची, ऊठ म्हटलं की उठायची.

तिसऱ्या दिवशी कारभाऱ्यांनी खालची कोल्डरूम बंद केली. आता काय गार ठेवायचं, म्हणाले. निकितानं पळत जाऊन विरजणाची बरणी वर आणली आणि घरच्या फ्रिजमध्ये ठेवली. "आई, ही करणची बरणी इथं ठेवलीय हां," असं तिनं सांगितलं. छबूबाईनं मान हलवली. म्हणजे सांगितलं नव्हतं असं म्हणायला जागा नाही.

दहाव्याला कारभारी, निकिता आणि भावकीतले पुरुष नदीवर गेले. बायका घर धुवायला मागं राहिल्या. आपल्याकडची रीत ठाऊकच आहे सगळ्यांना. सुतकातलं पाणी ओतून द्यायचं, अंथरूण-पांघरूण धुवायचं, शिजलेलं, आंबलेलं, विरजलेलं घरात काही ठेवायचं नाही. दह्याचं विरजणसुद्धा शेजारच्या घरून नवं आणायचं. चाळीस वर्षांत छबूबाईनं सासऱ्याचं, सासूचं, दिराचं असं सुतक फेडलं होतं. हातांना सगळं पाठ होतं. रंगुबाई फरशी घासत होती आणि छबूबाई फ्रिज रिकामा करत होती. दूध ओतलं. दही ओतलं. इडलीचं पीठ कुणीतरी आणलेलं, ते ओतलं. मग ती बरणी आली.

तिनं बरणी ओळखली नाही असं कुणी समजू नये. ओळखली. तिच्यावर करणनं चिकटपट्टी लावून तारीख लिहिलेली, तेही तिला दिसलं. पण आंबलेलं होतं आणि सुतकातलं होतं, आणि हात थांबला नाही. हाताला थांब म्हणणारं आत कुणी शिल्लकच नव्हतं. तिनं झाकण काढलं, बरणी मोरीत उपडी केली आणि वर दोन तांबे पाणी ओतलं. पिवळट साका जाळीत जरा अडकला, तोही बोटानं ढकलला. बरणी घासून पालथी घातली. पुढं लोणी होतं, ते घेतलं.

अकराच्या सुमारास कारभारी परत आले. ओले, दमलेले, पण तोंडावर दहा दिवसांत पहिल्यांदा जरा उजेड. दारातच सांगायला लागले.

"कावळा शिवंचना गं! दीड तास. निकिताकडं बगू म्हनलं, न्हाई. धंदा चालवू म्हनलं, न्हाई. सगळी पाया पडली. मग मी पुढं झालो. म्हनलं, करण, तुजं इरजन जतन करीन बाबा, मरू द्यायचो न्हाई. आन् बोलाय आन् कावळा याया एक गाठ! मावलंच न्हाई माजं रडू."

निकिता मागं उभी राहून डोळे पुसत होती. ओट्यावर धुतलेली बरणी पालथी होती, तिच्या कडेनं पाण्याचा थेंब गळत होता. छबूबाईनं बरणी उचलून पदराखाली घेतली आणि मांडणीच्या मागं सारली. तेवढं तिला सुचलं.

त्या दिवसापासून तिला एक गोष्ट मात्र वाटायला लागली. भीती. बाकी सगळं सुन्नच. कारभाऱ्यांनी मेलेल्या पोराला शब्द दिला होता आणि तो शब्द द्यायच्या आधीच तिनं मोरीत घालवला होता.

तेरावा झाला, पाहुणे पांगले, रंगुबाई तेवढी मागं राहिली. छबूबाईनं गुपचूप जुनं मडकं काढलं. मूळ विरजण त्यातूनच आलं होतं ना? मग परत येईल. तिनं ज्वारीचं पीठ भिजवलं, मडक्यावर फडकं बांधलं आणि गच्चीच्या जिन्याखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी फडकं सोडून नाक आत घातलं. काहीच नाही. पीठ चांगलं फुगून बुडबुडलेलं, पण वास नाही. आंबट नाही, गोड नाही, ओल्या मातीचासुद्धा नाही. तिला वाटलं, पीठ जुनं असेल. तिसऱ्या दिवशी निकिता जिन्यावरून जाताना नाकाला ओढणी लावून थांबली.

"आई, हे काय नासलंय? केवढा घाण वास येतोय!"

छबूबाई मडक्याला खेटून बसलेली होती. मग तिनं कापूर हुंगून पाहिला, हिंगाची डबी हुंगली, रॉकेलची जुनी बाटली हुंगली. नाक गेलं होतं. कधी गेलं तेही तिला कळलं नव्हतं. आंबील तिनं परसात ओतून दिली.

सतराव्या दिवशी निकितानं कंबर कसली. म्हणाली, बंद ठेवून करण परत येणार नाही, त्याचीच बिअर पहिली काढायची. तिनं फ्रिज उघडला. मग खालची कोल्डरूम पाहिली. परत फ्रिज उघडला.

"आई, बरणी?"

कारभारी उठून आले. छबूबाईनं तोंड उघडलं, पण आवाज यायच्या आत कोपऱ्यात लसूण सोलत बसलेली रंगुबाई बोलली.

"कंची, ती काचंची? ती मी टाकली. दहाव्याला. सुतकातलं आंबलेलं घरात ठिवत्यात व्हय?"

कारभारी असे ओरडलेले छबूबाईनं उभ्या जन्मात ऐकले नव्हते. "आक्का, माज्या पोराला मी काय सांगू आता? तुजी रीत घाल चुलीत! पुना हितं पाऊल टाकू नगं." सत्तर वर्षांची बाई. तिनं लसूण परातीत ठेवला, पिशवी भरली आणि दुपारच्या एसटीनं काष्टीला गेली. जाताना छबूबाईकडं एकदा पाहिलं. छबूबाई खाली फरशीकडं बघत होती. बोलायचं होतं तिला, पण तिचं तोंड आता तिचं राहिलं नव्हतं. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. हिचं जळत होतं आणि तिलाच कळत नव्हतं, असली तऱ्हा.

निकितानं पार्थला फोन लावला. तो आता परदेशात, आणि पुण्याच्या लॅबनं जुन्या कुप्या केव्हाच फेकून दिलेल्या. फोन ठेवून ती जेवणाच्या टेबलाशी बसली.

"नाना, त्या शेवटच्या खेपेची एक बाटली जरी कुठं राहिली असती ना," ती कारभाऱ्यांना म्हणाली, "तर मी तळाच्या साक्यातून वाढवलं असतं. आपली बिअर गाळलेली नसते, त्यात ते जिवंत असतं. पण सगळी पिंपं धुतली त्यानं. त्याच्यासारखं धुणारं कुणी नाही."

छबूबाई भाकरी थापत होती. थापतच राहिली.

म्हणजे बघा आता. बाटली आहे हे फक्त तिला ठाऊक. द्यायची, तर इतके दिवस का लपवली ते सांगावं लागणार, आणि एक सांगितलं की बरणीचं निघणार. पण ते जाऊ द्या, तेवढ्यासाठी ती अडली नव्हती. त्या बाटलीत करण तिच्यासाठी थांबलेला होता. "मागनं सांग कशी झाली," हे त्याचं तिच्याशी शेवटचं बोलणं, आणि त्याचं उत्तर तिच्याकडं राहिलेलं. चाप उघडला की ते संपलं. आणि उघडून करायचं काय? नाक तर मेलेलं. पोरानं विचारलेलं तिला कळणारच नव्हतं.

ती रोज दुपारी पेटी उघडायची, लुगड्यांखाली हात घालायची, बाटली जागेवर आहे एवढं चाचपायची आणि पेटी लावायची. असे पाच दिवस गेले.

सहाव्या दिवशी कुरिअरनं बंगळुरूहून पाकीट आलं. कंपनीचं यीस्ट. निकितानं ते टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "उद्या सकाळी टाकी लावते. चव वेगळी येईल. नाव तेच ठेवू, अजून काय करणार?" तिचा चेहराही आता छबूबाईसारखाच झाला होता, कशाचंच काही न वाटणारा. एकोणतीस वर्षांची पोर.

तेवढ्यात गच्चीवर कारभाऱ्यांचा आवाज आला. छबूबाईला वाटलं कुणी आलंय. ती जिन्यातून डोकावली. कारभारी कठड्यावर भाकरीचा तुकडा ठेवून उभे होते. पलीकडच्या तारेवर एक कावळा बसलेला. ते त्याच्याशी बोलत होते.

"चूक झाली बाबा. तुला शबूद दिल्ता. आक्का म्हातारी हाय, तिला समजलं न्हाई. तू रागावू नगं. खा येवढं."

कावळा आपला तारेवरच. कारभाऱ्यांनी तुकडा जरा पुढं सरकवला आणि परत तेच म्हणाले. नऊ एकर बागायत करणारा, बाजारात बैलाचे दात बघून व्यापाऱ्याला गप करणारा माणूस, एका पाखरापुढं हात जोडून दुसऱ्याच्या चुकीची माफी मागत होता. आणि चूक रंगुबाईची नव्हतीच.

छबूबाई खाली आली. पेटीचं कुलूप काढलं, बाटली काढली आणि टेबलावर, त्या पाकिटाशेजारी ठेवली. निकिता बाटलीकडं बघतच राहिली. कारभारी जिना उतरून आले.

"रंगूवन्संनी न्हाई टाकलं," छबूबाई म्हणाली. "मी टाकलं. वळखून टाकलं. ह्ये त्यानं मला वास घ्याया दिल्तं, बेस्तरवारी. मी घेतला न्हाई."

सगळं एका दमात निघालं, आणि तिला वाटलं होतं तसं छत काही कोसळलं नाही. कारभारी खुर्चीत बसले. मग खिशातून मोबाईल काढून काष्टीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकून छबूबाईपुढं सरकवला.

"वन्सं," छबूबाई म्हणाली, "ती बरनी..."

"मला ठावं हाय," पलीकडून रंगुबाई म्हणाली. "मी फरशी पुसत हुते न्हवं? बगितलं मी. म्हनलं, दह्याची बरनी आसंल. कारभारी आल्यावर समजलं काय गेलं त्ये. मग म्हनलं, तुजं पोरगं गेलं, तुला बोल कशाला? माजं काय, म्हातारीचं? मला कोन काय म्हनतंय!" मग जरा थांबून म्हणाली, "कारभाऱ्यानं म्हनलंच की."

कारभाऱ्यांनी तोंडावर गमछा ओढला. "आक्का, उंद्या गाडी घिऊन येतो," एवढंच त्यांना बोलता आलं.

निकितानं तोवर साका वाढवायला, सकाळसाठी काढून ठेवलेलं ज्वारीचं गोड पाणी उकळून गार केलं होतं. तीच जुनी बरणी मांडणीमागून निघाली, गरम पाण्यात उकळली गेली. आता बाटली उघडायची. निकितानं हात पुढं केला, पण मग मागं घेतला. "आई, तुम्हीच उघडा," म्हणाली.

छबूबाईनं सवयीनं पदराला हात पुसले. अंगठ्यानं चाप वर ढकलला. फाड्‌दिशी आवाज झाला आणि आतनं फेस उसळून वर आला. बाटलीच्या तोंडातून, तिच्या बोटांवरून, मनगटावरून, पार काकणांपर्यंत. तिनं डोळे मिटून बाटली नाकाशी नेली. ओढून श्वास घेतला. काही नाही. परत घेतला. काही नाही. नाक तसंच मेलेलं होतं.

तिनं डोळे उघडले. हातावरचा फेस अजून चिकटत, चरचरत होता. ती त्याच्याकडं बघत राहिली. बिअर पुरती आंबायच्या आत भरली की आत साखर राहते, ती बाटलीत आंबत बसते, आणि मग उघडताना अशी उसळते. हे सांगायला नाक कशाला लागतं? चार वर्षांत एवढं तिच्या हातांनाही कळायला लागलं होतं.

"घाई केलीस," ती म्हणाली. "येक दीस थांबाया पायजे हुतं, करण. येकच दीस. घाई केलीस रं बाळा."

कारभारी उठून खिडकीशी गेले. छबूबाईच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिनं निकाल दिला होता, पण अर्धाच, आणि राहिलेला अर्धा तिच्याच्यानं होण्यासारखा नव्हता. तिनं बाटली निकितापुढं धरली.

"मला यीना गं वास. तू बग."

"मला कुठं कळतंय, आई?"

"कळंल. डोळं मीट."

निकितानं डोळे मिटले आणि वाकली. तिचा श्वास आत गेला तो लवकर बाहेर आलाच नाही.

"काय यितंय?" छबूबाईनं विचारलं.

"केळ," निकिता म्हणाली, आणि ओठ आवळून उभी राहिली. "पिकलेलं केळ. अगदी तेच."

"मग बरुबर हाय," छबूबाई म्हणाली. "वरलं हळू ओत. बुडाचा साका तेवढा घी बरनीत. जाळीत जाऊ दिऊ नगं."